अल्बिनिझम आणि वाचन: अक्षर किती मोठं हवं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक आणि स्वतः अल्बिनिझम (वर्णहीनता) असलेली मंडळी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळे क्रमाने वाचायची गरज नाही, पण प्रश्न ४ आणि ५ सोडू नका. बाकीची बरीच उत्तरं त्यांवर उभी आहेत.

१. अल्बिनिझम असलेलं मूल साधी छापील पुस्तकं वाचू शकतं का, की ब्रेल शिकवावी लागते?

बहुतेक मुलं छापील अक्षरच वाचतात आणि आयुष्यभर वाचत राहतात. अल्बिनिझममध्ये डोळ्यातला पीतबिंदूचा खळगा पूर्ण घडलेला नसतो. बारीक तपशील टिपायचं काम हाच भाग करतो, त्यामुळे लांबची नजर साधारण ६/१२ पासून ६/६० पर्यंत कुठेही असू शकते (६/६० म्हणजे सामान्य नजरेला ६० मीटरवरून दिसणारं अक्षर ६ मीटरवरून दिसणं), काहींची त्याहूनही कमी असते. ही नजर वयाबरोबर ढासळत नाही. उलट लहानपणी पहिल्या काही वर्षांत ती थोडी सुधारते.

योग्य अंतर, योग्य अक्षर आणि साधनं देऊनही वाचन फार हळू होत असेल, किंवा दहा मिनिटांत डोकं दुखत असेल, तर ब्रेलचा विचार जरूर करावा. ब्रेल आणि छापील अक्षर दोन्ही वापरणारी माणसं आहेत, एक घेतलं म्हणून दुसरं सोडावं लागत नाही. पण त्वचेचा रंग पाहून किंवा फक्त दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरचा आकडा पाहून मुलाला छापील पुस्तकापासून दूर नेणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

२. चष्मा लावूनही ६/६ दिसत नाही. मग चष्मा कशाला?

चष्मा पीतबिंदू घडवत नाही, पण अल्बिनिझमसोबत मोठे नंबर असणं नेहमीचं आहे. जवळचा किंवा दूरचा नंबर असतोच, शिवाय बहुतेकांना सिलिंडरचा नंबर बराच असतो. तो न दिल्यास कमी नजरेवर धूसरपणाची भर पडते. चार्टवर एखादीच ओळ वाढली तरी वाचताना ती जाणवते, कारण आडव्या-उभ्या रेषा सारख्याच स्पष्ट होतात आणि देवनागरीत शिरोरेखा व काना दोन्हींची गरज असते. मुलांचा नंबर बाहुली मोठी करणारे थेंब टाकूनच तपासून घ्या.

३. मुलगी पुस्तक अगदी नाकाला लावून वाचते. डोळे बिघडतील का?

नाही. तिला तिथून रागावून मागे सारू नका. पुस्तक जवळ आणणं हे तिचं पहिलं आणि फुकटचं भिंग आहे. अंतर निम्मं केलं की डोळ्यात उमटणारी अक्षराची प्रतिमा दुप्पट होते. ४० सें.मी.वरून १० सें.मी.वर आणलं तर चौपट. शिवाय जवळ पाहताना दोन्ही डोळे आत वळतात, त्यामुळे अनेकांच्या डोळ्यांची आपोआप होणारी सततची हालचाल (निस्टॅगमस) थोडी शांत होते. म्हणूनच लांबच्या चार्टवरून वाटतं त्यापेक्षा जवळचं वाचन चांगलं असल्याचं पुष्कळांच्या बाबतीत दिसतं.

खरा त्रास मान आणि पाठीला होतो. पुस्तक टेबलावर आडवं असेल तर मुलगी त्याच्यावर ओणवी होते. पोथीसाठी वापरतात तशी ठवणी किंवा तिरका स्टँड द्या, म्हणजे पुस्तक डोळ्यांकडे येईल. ठवणी बुटकी पडली तर खाली दोन जाड वह्या ठेवा.

४. मग नेमकं किती पॉइंटचं अक्षर द्यायचं? १८ पुरे ना?

एका आकड्यात याचं उत्तर देता येत नाही. १८ पॉइंट हा मोठ्या टाइपच्या छपाईचा रूढ आकडा आहे, कुणा एका वाचकाला मोजून काढलेला नव्हे.

वाचनात दोन आकार वेगळे धरावे लागतात. एक, कसंबसं ओळखता येईल असं सर्वांत लहान अक्षर. दुसरा, ज्याच्या खाली गेल्यावर वाचनाचा वेग कोसळतो तो आकार. दुसऱ्याला वाचनाचा निर्णायक आकार म्हणता येईल, आणि मुलाला द्यायचं अक्षर त्याच्या बरोबरीचं किंवा किंचित मोठं असावं. तपासणीच्या खोलीत मूल पहिला आकार वाचून दाखवतं, सगळे खूश होतात, आणि घरी तेच मूल त्या आकारातला धडा चार ओळींनंतर बाजूला ठेवतं. त्याला कंटाळा म्हणू नये. उंबरठ्यावरच्या अक्षरात कुणीच धडे वाचू शकत नाही, चांगल्या नजरेची माणसंसुद्धा नाहीत.

ढोबळ अंदाज असा: सहज वाचनासाठी अक्षर सर्वांत लहान आकाराच्या निदान दुप्पट हवं. काहींना तिप्पट लागतं. ६/६० नजर असलेल्या माणसाला ४० सें.मी.वरून साधारण ५.८ मि.मी. उंचीचं अक्षर जेमतेम ओळखता येतं. १० सें.मी.वरून तेच काम १.५ मि.मी.च्या आसपास होतं. दुप्पट राखीव धरली तर १० सें.मी.वर ३ मि.मी. उंच अक्षर लागेल. म्हणजे अंतर सांगितल्याशिवाय पॉइंटच्या आकड्याला अर्थ नाही. शाळेला पत्र देताना ‘मोठं अक्षर हवं’ असं लिहू नका. ‘१२ सें.मी. अंतरावर, शिरोरेखेपासून अक्षराच्या तळापर्यंत ३ मि.मी.’ असं लिहा.

फार मोठं अक्षरही नुकसान करतं. ४० पॉइंटमध्ये एका ओळीत तीन-चार शब्द मावतात, नजर सारखी ओळ बदलते, वाक्याचा धागा सुटतो. निर्णायक आकाराच्या वर कितीही गेलात तरी वेग वाढत नाही, फक्त पानं वाढतात.

५. हा निर्णायक आकार घरी कसा मोजायचा?

दवाखान्यात यासाठी एम-एन-रीड सारखे वाक्यांचे चार्ट असतात. एम-एन-रीड चार्ट मिनेसोटा विद्यापीठात तयार झाला. घरी त्याच तत्त्वावर मराठीत करता येतं.

प्रत्येकी दहा शब्दांची, सारख्या सोपेपणाची आठ वाक्यं तयार करा. मुलाच्या इयत्तेपेक्षा एक-दोन वर्षं सोपी असू द्या, म्हणजे शब्द अवघड की अक्षर बारीक हा घोळ होणार नाही. एकच फॉन्ट घेऊन ती ४०, ३२, २५, २०, १६, १२.५, १० आणि ८ पॉइंटमध्ये छापा. प्रत्येक पायरी आधीच्याच्या सुमारे चार-पंचमांश आहे, म्हणून लहान होणं एकसारखं राहतं. कागद मॅट हवा, शाई गडद.

दोन्ही डोळे उघडे, रोजचा चष्मा लावलेला. कपाळापासून कागदापर्यंत २५ सें.मी.ची दोरी धरा आणि अंतर हलू देऊ नका. मोठ्या वाक्यापासून सुरू करा, मोठ्याने वाचायला सांगा, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर सेकंद टिपा आणि चुकलेले शब्द वेगळे लिहा. प्रत्येक वाक्य एकदाच वाचायचं, कारण दुसऱ्यांदा मूल आठवणीतून म्हणतं.

समजा सेकंद असे आले: ४०, ३२ आणि २५ पॉइंटला ६, २० ला ७, १६ ला ११, १२.५ ला १९. म्हणजे वेग मिनिटाला १०० शब्दांवर स्थिर होता, २० ला ८६ झाला, १६ ला थेट ५५ आणि १२.५ ला ३२. निर्णायक आकार २० ते २५ पॉइंट, अंतर २५ सें.मी. मुलाने १२.५ पॉइंट वाचून दाखवलं म्हणून ते चालेल म्हणणं किती चुकीचं आहे, हे इथे डोळ्यांसमोर दिसतं. याच मुलाने पुस्तक १२.५ सें.मी.वर धरलं तर त्याला १० ते १२.५ पॉइंट पुरायला हवेत. खरंच पुरतात का, हे नव्या वाक्यांनी आणि त्याला हवं त्या अंतराने पुन्हा तपासा.

दोन गोष्टींनी मापन फसतं. एक म्हणजे चाचणी संध्याकाळी, दमलेल्या मुलावर घेणं. दुसरी म्हणजे एक डोळा झाकणं, कारण अल्बिनिझममध्ये एक डोळा झाकला की दुसऱ्याची हालचाल पुष्कळदा वाढते आणि नजर आहे त्यापेक्षा कमी भरते. रोजचं वाचन दोन्ही डोळ्यांनी होतं, माप त्याचंच घ्या.

६. इंग्रजी बरं वाचतो, मराठीत अडखळतो. भाषा कच्ची आहे का?

आधी अक्षर तपासा. एकाच पॉइंटच्या देवनागरीत आणि रोमनमध्ये डोळ्याला करावं लागणारं काम वेगळं असतं. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरं. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. पहिली वेलांटी ऱ्हस्व, शेवटची दीर्घ, मध्ये ‘द्य’ची गुंतागुंत, ‘थी’वर रफार आणि वेलांटीचं टोक एकमेकांना चिकटलेलं. ८ पॉइंटला हे सगळं शिरोरेखेवरच्या एका काळ्या ठिपक्यासारखं दिसतं. मग मूल शब्दाचा आकार पाहून अंदाज बांधतं आणि ‘विद्यार्थी’च्या जागी ‘विद्यापीठ’ वाचतं.

चुकांची नोंद ठेवा. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, ष-प अशा जोड्या चुकत असतील, ‘मंद’चा ‘मद’ होत असेल, अंकांत १ आणि ९ बदलत असतील, तर दोष अक्षराच्या आकाराकडे बोट दाखवतो. मोठ्या अक्षरात याच चुका गायब झाल्या तर खात्रीच झाली. मोठ्या अक्षरातही राहिल्या, तर वाचन शिकवण्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागेल. अल्बिनिझम असलेल्या मुलाला वाचनाची वेगळी अडचणही असू शकते, ती नजरेच्या नावाखाली झाकली जाऊ नये.

दोन्ही लिप्यांसाठी प्रश्न ५ मधली चाचणी वेगवेगळी करा. मराठीचा निर्णायक आकार मोठा आला तर नवल नाही.

७. शिक्षक मोठ्या अक्षरात मजकूर टाइप करून देणार आहेत. फॉन्ट आणि मांडणी कशी ठेवावी?

पॉइंटवर विसंबू नका. वेगवेगळ्या देवनागरी फॉन्टमध्ये एकाच पॉइंटला अक्षराची खरी उंची वेगळी येते. छापून ‘म’ची उंची पट्टीने मोजा.

रेषांची जाडी एकसारखी असणारे फॉन्ट घ्या, उदाहरणार्थ ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’. बोरूसारख्या जाड-बारीक वळणाच्या फॉन्टमध्ये बारीक भाग विरून जातो. वजन मध्यम ठेवा. पूर्ण ठळक केल्यास ण, श, क्ष, ज्ञ यांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. डावी कड सरळ, उजवी मोकळी, कारण दोन्ही कडा जुळवताना शब्दांमध्ये कमी-जास्त फटी पडतात. शब्दांतलं अंतर किंचित वाढवा. अक्षरं मात्र दूर करू नका, शिरोरेखा तुटली की शब्द फुटतो.

चित्रावर किंवा रंगीत पट्टीवर छापलेला मजकूर साध्या पार्श्वभूमीवर घ्या. पाठ्यपुस्तकांत महत्त्वाची चौकट नेमकी अशीच छापलेली असते.

८. ए४ पान ए३ वर झेरॉक्स करून चालेल का?

तातडीला चालेल. वाढ १४१ टक्के होते, म्हणजे १२ पॉइंटचे १७. त्याहून जास्त हवं असेल तर पुरणार नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तर अक्षराच्या कडा फाटतात आणि पार्श्वभूमी राखाडी होते, म्हणून नेहमी मूळ पानावरूनच काढा. ए३ कागद शाळेच्या बाकावर मावत नाही, अर्धा खाली लोंबतो. घडी पाडून दिला तर घडीवरची ओळ जाते.

आणि गणित-भूगोलात एक मोठा धोका आहे: आकृतीही १.४१ पट होते. ‘रेख कखची लांबी मोजा’ या प्रश्नाला ५ सें.मी.ऐवजी सुमारे ७ सें.मी. उत्तर येतं आणि गुण जातात. नकाशात ‘१ सें.मी. = १० कि.मी.’ असं शब्दांत लिहिलेलं प्रमाण खोटं ठरतं, रेषेने दाखवलेलं प्रमाण मात्र खरं राहतं. कोन बदलत नाहीत. मोजायच्या आकृत्या मूळ मापात ठेवा किंवा वाढवलेल्या मापाचं उत्तर आधीच ठरवून घ्या.

९. दुसरीपर्यंत छान वाचत होती, पाचवीत मागे पडली. नजर कमी झाली का?

बहुतेक वेळा नजर तीच असते, पुस्तक बदललेलं असतं. पहिली-दुसरीच्या पुस्तकांत अक्षर मोठं आणि मजकूर थोडा असतो. पुढे अक्षर लहान होतं, ओळी दाटतात, दोन स्तंभ येतात, तळटीपा आणि नकाशे येतात, आणि वाचायच्या पानांची संख्या वाढते. निर्णायक आकाराच्या वर असलेलं मूल हळूच त्याच्या खाली घसरतं. दर जूनमध्ये नवी पुस्तकं हातात आली की प्रत्येक पुस्तकातल्या सर्वांत बारीक मजकुराची उंची मोजा आणि प्रश्न ५ ची चाचणी पुन्हा घ्या. आकार बदललेला नसताना वेग घटला असेल तर प्रश्न १६ पाहा.

१०. डोळे सतत हलतात. मग अक्षरंही हलताना दिसतात का?

सहसा नाही. ही हालचाल जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांपासून असते आणि मेंदू तिला सरावलेला असतो. परिणाम वेगळ्या रीतीने होतो: शेजारची अक्षरं एकमेकांत मिसळल्यासारखी वाटतात, आणि पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना ओळ चुकते. काळ्या कार्डाला ओळीएवढी खिडकी कापून ती ओळीवर सरकवली, किंवा खालच्या ओळीवर पट्टी ठेवली, तर बराच फरक पडतो. बोट ठेवून वाचायलाही हरकत नाही.

ताण आला की हालचाल वाढते. वर्गासमोर उभं करून वाचायला लावल्यावरचा वेग हा त्या मुलाचा खरा वेग नसतो.

११. वाचताना मान वाकडी करतो. सरळ करायला लावावं का?

लावू नका. अनेकांच्या नजरेची एक दिशा अशी असते जिथे डोळ्यांची हालचाल सर्वांत कमी होते. मान वळवून मूल ती दिशा साधतं. मान सरळ केली की अक्षर बिघडतं. त्याऐवजी पुस्तक आणि बाकाची जागा बदला: मान उजवीकडे वळत असेल तर मूल डावीकडून पाहत आहे, पुस्तक डावीकडे सरकवून पाहा. मान फारच वळत असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. काहींना प्रिझम किंवा शस्त्रक्रियेचा उपयोग होतो.

१२. उजेड सहन होत नाही आणि अंधारात वाचता येत नाही. काय करायचं?

बुबुळातून आणि डोळ्याच्या आतून विखुरणारा प्रकाश अक्षराचा काळेपणा फिका करतो. उजेड पानावर हवा, डोळ्यांत नको. दिवा खांद्यामागून किंवा बाजूने, शेड असलेला आणि कमी-जास्त करता येणारा घ्या. वर्गात मुलाला खिडकीकडे पाठ किंवा बाजू करून बसवा, आणि टोपी घालू द्या. चकचकीत कागद तिरका केला की चकाकी सरकते. गडद गॉगल उन्हासाठी आहे. घरात वाचताना तोच लावला तर अक्षर आणखी फिकं होतं. स्क्रीनवर काळ्यावर पांढरं अक्षर पुष्कळांना आवडतं, पण सगळ्यांना नाही, म्हणून दोन्ही करून वेग मोजा.

१३. भिंग कोणतं घ्यावं?

शालेय मुलासाठी पहिलं भिंग म्हणजे घुमटाच्या आकाराचं, पानावर ठेवून सरकवायचं. वाढ दुपटीच्या आसपास असते, पण ते प्रकाश गोळा करतं, हात थरथरला तरी अंतर बिघडत नाही आणि लिहायला एक हात मोकळा राहतो. हातात धरायचं भिंग जितकं ताकदवान तितकं एका वेळी दिसणारं क्षेत्र लहान. दहा पटीच्या भिंगातून धडा वाचणं म्हणजे किल्लीच्या भोकातून खोली पाहणं. ते औषधाच्या पाकिटावरच्या तारखेपुरतं ठीक. फळ्यासाठी एका डोळ्याची छोटी दुर्बीण लागते, भिंगाने ते काम होत नाही. खरेदीआधी नेत्ररुग्णालयाच्या लो व्हिजन (अल्पदृष्टी) विभागात स्वतःच्या पाठ्यपुस्तकावर करून पाहा, दुकानातल्या कागदावर नको.

१४. मोबाइल किंवा टॅबवर पुस्तक वाचता येईल का?

येईल, आणि पुष्कळांना तेच सोपं जातं. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत मिळतात. टॅब किमान दहा इंची घ्या. पीडीएफ वाढवली की ओळ पडद्याबाहेर जाते आणि दर ओळीला डावी-उजवीकडे सरकवावं लागतं. टॅब आडवा धरून पानाची रुंदी पडद्याला जुळवली की बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

मजकूर कॉपी करून मोठ्या अक्षरात लावायला गेलात आणि ‘ÃÖÓ¯ÖÖ¤úú’ सारखं काही आलं, तर ती फाइल जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची समान संकेतपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. मोबाइलचं मराठी वाचून दाखवणारं साधनही तिथे अडखळतं. शाळेकडे युनिकोडमधली फाइल मागा. लांबलचक वाचन ऐकून आणि बारकाईचं वाचून, अशी वाटणी मोठ्या विद्यार्थ्यांना फार उपयोगी पडते.

१५. परीक्षेत काय सवलत मिळते? प्रमाणपत्रात ४० टक्के नसतील तर?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी ठरवताना चष्म्यासह चांगल्या डोळ्याची लांबची नजर (६/१८ पेक्षा कमी) किंवा दृष्टिक्षेत्र पाहतात. वाचनाचा वेग त्यात कुठेच येत नाही. म्हणून ६/१२ नजर असलेलं, पण दर पानाला दुप्पट वेळ लागणारं मूल आकड्याबाहेर राहू शकतं. ४० टक्के किंवा अधिक असेल तर केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तासाला किमान २० मिनिटं जादा, आणि मोठ्या टाइपची प्रश्नपत्रिका किंवा कॉम्प्युटर यांसारखे पर्याय शक्य तिथे द्यायचे आहेत. ४० च्या खाली असलेल्यांना लेखनिक सरसकट नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं. मंडळाचं त्या वर्षीचं परिपत्रक शाळेकडून घ्या आणि अर्ज नववीपासूनच सुरू करा.

अर्जासोबत प्रश्न ५ ची तुमची नोंद आणि लो व्हिजन विभागाचा वाचनाचा अहवाल जोडा. मिळणाऱ्या कागदाच्या नेमक्या आकारात घरी निदान तीन सराव प्रश्नपत्रिका सोडवून घ्या, कारण ए३ कागद उलटणं, आकृती शोधणं यात वेळ जातो. लेखनिक घ्यायचा तर त्याच्याबरोबरचा सराव वेगळा हवा. स्वतः वाचून स्वतः लिहिणाऱ्या मुलावर लेखनिक लादू नका, त्याला मोठी प्रश्नपत्रिका आणि वेळच हवा असू शकतो.

१६. आयुष्यभर जवळ धरून वाचलं, आता चाळिशीनंतर तेही जमत नाही.

१० सें.मी.वर स्पष्ट पाहायला डोळ्याला १० डायॉप्टरची (चष्म्याचा नंबर याच एककात असतो) ताकद लागते. तरुणपणी ती डोळ्याच्या आतल्या भिंगातून येते, चाळिशीनंतर आटते. बाजारातला दीड-दोन नंबरचा तयार चष्मा यासाठी पुरत नाही. रोजच्या वाचनाचं अंतर सेंटिमीटरमध्ये सांगा आणि १०० ला त्याने भागा: १० सें.मी.ला +१०, १२.५ ला +८, २० ला +५. दूरच्या नंबरात ही भर घालून वाचनाचा वेगळा चष्मा बनतो. मोठा मायनस नंबर असेल तर नुसता चष्मा काढूनही काम भागतं, मात्र सिलिंडर मोठा असल्यास धूसर दिसेल. इतक्या जवळ दोन्ही डोळे एकत्र वापरणं अवघड जात असेल तर एकाच डोळ्याने वाचण्याचा पर्याय डॉक्टरांशी बोला.

हाच नियम लहानांनाही थोडा लागू आहे. काही मुलांत आतल्या भिंगाची ताकद वयाच्या मानाने कमी असते आणि त्यांना बायफोकलने वाचन सोपं होतं. मात्र कोणत्याही वयात नेहमीचं अक्षर महिन्या-दोन महिन्यांत अचानक मोठं लागू लागलं, रेषा वाकड्या दिसू लागल्या किंवा एका बाजूला पडदा आल्यासारखं वाटलं, तर ‘अल्बिनिझम आहे, असं होणारच’ म्हणून थांबू नका. त्याने नजर अशी घसरत नाही. कारण दुसरं असतं, आणि ते त्याच आठवड्यात तपासून घ्यावं.